बांधावरची रानभेंडी आणि परसातली भेंडी: हळद्या न येणारं बी घरी करता येईल का?

माळवी_माती
इंदूरकडे पावसाळी भेंडीला ऑगस्ट लागला की हळद्या ठरलेला. आधी शिरा पिवळ्या, मग अख्खं पान, मग भेंड्याही पांढरट आणि चामट. राऊच्या बाजूला त्याच शेताच्या बांधावर रानभेंडी मात्र दिवाळीपर्यंत हिरवीगार असते. हळद्या पसरवणारी पांढरी माशी दोन्हींवर सारखीच बसलेली दिसते. मग रानभेंडीचा पराग भेंडीवर टाकून रोग न येणारं बी करता येईल का? घरच्या घरी, चिमटा आणि कागदी पिशव्या एवढ्याच सामानावर? आणि खाण्याजोगी भेंडी हाती यायला किती पिढ्या जातात? प्रयोगशाळा नाही, चार वाफे आहेत.

उगाच
गाण्याच्या भेंड्या सोडून खऱ्या भेंड्यांवर धागा! 'ड' आला तर काय करायचं? जागा धरून बसतो.

डोरली
पहिला प्रश्न उलटा तुम्हालाच. रानभेंडी कोणती? या नावाखाली निदान पाच झाडं खपतात.

लहान पांढरं फूल, मध्ये गडद ठिपका, सुकताना गुलाबी पडणारं, शेंग आखूड: ही अबेलमॉस्कस फिकुल्नियस. काळ्या मातीत हीच जास्त भेटते. दिसायला हुबेहूब भेंडी पण शेंगेवर बारीक गाठी: ट्युबरक्युलेटस. बी चुरडल्यावर कस्तुरीचा वास: मॉस्कॅटस, म्हणजे कस्तुरभेंडी. मोठं फिकट पिवळं फूल आणि त्याखाली रुंद हिरव्या पट्ट्या, ज्या शेंग धरल्यावरही गळत नाहीत: टेट्राफायलस किंवा मॅनिहॉट. फुलं पानांत लपलेल्या गुच्छात असतील तर ती मलाक्रा. तिलाही लोक रानभेंडी म्हणतात, पण तिचा वंशच वेगळा, तिच्यापुढे कितीही पराग झटका.

फोटो काढताना फूल वरून नको, खालून. ओळख त्या पट्ट्यांत आहे. आपल्या भेंडीत त्या सात ते बारा, दोऱ्यासारख्या बारीक आणि लवकर गळणाऱ्या.

पराग_कण
डोरलींना दुजोरा. ओळख एवढी महत्त्वाची का, तर पत्रिका. इथे छत्तीस गुण बघत नाहीत, गुणसूत्रं बघतात. भेंडीत ती बहुधा १३०च्या आसपास, टेट्राफायलसमध्येही साधारण तेवढीच. मॅनिहॉटमध्ये ६०-६८. फिकुल्नियसमध्ये ७२, ट्युबरक्युलेटसमध्ये ५८. आकडे जुळत नाहीत तिथे पहिल्या पिढीचं झाड जोमात वाढतं, फुलतं, पण त्यात बी धरत नाही. घोडा-गाढवाचं खेचर होतं, तसंच.

आकडे जुळले म्हणजे सुटलो, असंही नाही. टेट्राफायलसच्या संकरातही पहिल्या पिढीचे बहुतेक परागकण रिकामे निघतात, कारण संख्या सारखी असली तरी जोड्या नीट लागत नाहीत.

भियाजी
भिया, लग्नाला हरकत नाही, वंश पुढे चालत नाही एवढंच. पोहे-जिलबी तरी ठेवा.

माळवी_माती
फूल फिकट पिवळं, मध्ये गर्द जांभळं. पट्ट्या चार, एखाद्या फुलात पाच, रुंद, शेंगेला चिकटून राहिलेल्या. म्हणजे टेट्राफायलस धरायचं ना? भेंडी बाजारच्या पाकिटातली, एफ-वन लिहिलेली.

कात्री
ते पाकीट आधी बाजूला ठेवा. एफ-वन हे आधीच दोन वाणांचं मिश्रण. त्याचं प्रत्येक पुढचं बी वेगळं निघतं, आणि पुढे एखादा दोष दिसला तर तो रानभेंडीकडून आला की पाकिटातून, हे कळायला मार्ग नाही. आई म्हणून सरळ वाण घ्या. पुसा सावनी उत्तम. हळद्याला ती सहज बळी पडते, म्हणून पुढच्या पिढीत निरोगी झाड दिसलं तर तो गुण कुठून आला याबद्दल शंका राहत नाही.

भेंडी आई, रानभेंडी बाप. याला सरळ कारण आहे. पुंकेसर काढताना चूक झाली तर भेंडीचंच स्वतःचं बी धरतं, आणि ती रोपं आईसारखी दिसतात. संकर झाला असेल तर पानांची कातर, खोडावरची लव, फुलाखालच्या रुंद पट्ट्या बापाच्या दिसतात. खोटं रोप लगेच पकडता येतं. उलट दिशेने केलंत तर हा पुरावा तितका सोपा राहत नाही.

आता हातकाम. संध्याकाळी चार ते सहा. उद्या सकाळी उमलणारी कळी निवडायची: टोकाशी पिवळ्या पाकळ्या नुकत्या डोकावत असतात. त्याहून लहान कळीची कुक्षी कच्ची असते, त्याहून मोठीत पराग सुटायच्या बेतात असतो. कळीच्या बुडाशी, देठापासून अर्धा-एक सेंटिमीटरवर, ब्लेडचं नुसतं टोक टेकवायचं आणि कळी बोटांत गोल फिरवायची. दाबायचं नाही, आत पांढऱ्या लवेचा बीजकोश असतो, त्याला चरा गेला की शेंग गेली. मग कळी हलकेच पिळून वर ओढली की हिरवं आणि पिवळं आवरण टोपीसारखं एकसंध निघतं. आत एक नळी उभी राहते, तिला चिकटलेले परागकोष, घट्ट बंद, फिकट पिवळे, राजगिऱ्याच्या दाण्यांएवढे. वर मखमली गर्द लाल कुक्षी, पाच ते नऊ पाळ्यांची. चिमट्याच्या पाठीने परागकोष खरवडून काढायचे, कुक्षीपासून लांब, खालच्या दिशेने. एकही ठेवायचा नाही. भिंगातून बघा. दर फुलानंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून कोरडा करायचा, ओला चिमटा पुढच्या कुक्षीला लावू नये.

पिशवी लगेच. त्याच संध्याकाळी रानभेंडीच्या उद्याच्या कळ्यांनाही पिशव्या बांधा. हे बहुतेक जण विसरतात, आणि सकाळी मधमाशीने आणलेला तिसऱ्याच झाडाचा पराग बापाच्या नावावर जातो.

सकाळी आठ ते दहा. बापाचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि ती नळीच ब्रशसारखी कुक्षीवर फिरवायची, सगळ्या पाळ्यांवर. पिशवी परत, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बीजकोश फुगलेला दिसला तर धरलं. पिवळा पडून गळला तर गेलं. त्या झाडावरच्या बाकी भेंड्या कोवळ्या असतानाच तोडत राहा, नाहीतर अन्न तिकडेच वळतं. शेंग झाडावरच वाळू द्यायची, पस्तीस ते चाळीस दिवस.

सदाफुली
पावसात बटर पेपरची पिशवी चालेल?

कात्री
बरोबर पकडलंत. भिजला की कुक्षीला चिकटतो. ऑर्गंडीच्या कापडाची लहान पिशवी शिवा, आत तारेचं एक वेटोळं, म्हणजे कापड फुलाला टेकत नाही. भिजलेला पराग फुटतो, म्हणून झड लागली असेल त्या दिवशी काम करूच नका. चिठ्ठीवर पेन नको, पेन्सिल. शाई दोन सरींत धुऊन जाते आणि मग उरते नुसती एक अनामिक शेंग.

रामबागकर
एवढ्या खटाटोपाआधी एक आठवण. हे काम झालेलं आहे, आणि मराठी मुलखातच. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनी आणि मॅनिहॉट यांचा संकर करून, पुन्हा पुसा सावनीशी जोडत, निवडत 'परभणी क्रांती' काढली. १९८०च्या दशकातली गोष्ट. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेने टेट्राफायलस वापरून 'अर्का अनामिका' आणि 'अर्का अभय' काढल्या. या सरळ वाणांचं बी आणा, पेरा, दरवर्षी धरा. दहा वर्षं चिमटा चालवून शेवटी तिथेच पोचायचं असेल तर सरळ तिकीट काढलेलं बरं.

इंदूरला ही परंपरा नवी नाही म्हणा. १९२४ साली इथे प्लांट इंडस्ट्रीची संस्था उभी करणारे अल्बर्ट हॉवर्ड जगाला आठवतात ते कंपोस्टच्या इंदूर पद्धतीसाठी, पण त्याआधी बिहारमधल्या पुशाला असताना ते गव्हाचे वाण काढायचे.

पराग_कण
रामबागकर, बी आणा हे मान्य. पण परभणी क्रांतीलाही आता अनेक ठिकाणी हळद्या येतो. त्यातला प्रतिकार एका ठळक जनुकावर उभा होता, म्हणजे एकाच पालकाकडून आलं तरी गुण दाखवणाऱ्या. कुलूप एक, किल्ली एक. हळद्याचा विषाणू बदलत राहतो, शिवाय याच्यासोबत एक उपग्रह डीएनए, म्हणजे त्याच्याच आधाराने वाढणारा तुकडा, फिरतो जो लक्षणं वाढवतो. म्हणून रानातल्या वेगवेगळ्या झाडांकडून पुन्हा पुन्हा उसने आणावं लागतं. 'काम झालेलं आहे' हे या रोगाबाबत कधीच म्हणता येत नाही.

माळवी_माती, बांधावरची झाडं हिरवी दिसतात तेवढ्यावर त्यांना रोगमुक्त ठरवू नका. बांधावर झाडं विरळ असतात, माशी त्यांच्यावर टिकत नसेल, असं काहीही असू शकतं. आधी रानभेंडीच्या ओळी वाफ्यात लावा, दर दोन ओळींमागे पुसा सावनीची एक ओळ. सावनी पूर्ण पिवळी पडली आणि शेजारची रानभेंडी हिरवी राहिली, तरच तिला बाप करा. त्या वाफ्यावर माशीचं औषध मारायचं नाही, नाहीतर परीक्षाच होत नाही. हा विषाणू बियातून जात नाही आणि पानांचा रस चोळूनही लागत नाही. त्याला माशी लागते किंवा कलम.

निमाडी_मिरची
पहिली पिढी वांझ निघाली तर गुणसूत्रं दुप्पट करतात म्हणे, कोल्चिसिनने. ते कळलावीत असतं ना? कंद उकळून काढा करून शेंड्याला लावला तर?

डोरली
नाही. कळलावी हे नाव उगाच पडलेलं नाही. कंदाच्या थोड्याशा अंशाने माणसं मेली आहेत, आणि त्यावर उतारा नाही. काढ्यात किती उतरलं हे स्वयंपाकघरात कळत नाही. प्रयोगशाळेत ०.१ ते ०.२ टक्क्याचं द्रावण कापसाच्या बोळ्याने रोपाच्या शेंड्यावर दोन-तीन दिवस ठरावीक तास ठेवतात, हातमोजे घालून, आणि तरी बरीच रोपं मरतात. हा धागा परसबागेचा आहे, तो भाग सोडा.

वांझपणावर घरगुती उपाय एकच: चिकाटी. पहिल्या पिढीचा पराग निकामी असतो, पण बीजांडं सगळीच निकामी नसतात. म्हणून त्या झाडाला आई करा आणि त्याच्या प्रत्येक फुलावर पुसा सावनीचा पराग टाका. पुंकेसर काढायचीही फारशी गरज नाही, ते तसेही निकामी. शेकडा फुलांमागे थोड्याच शेंगा धरतील, शेंगेत चाळीस-पन्नासऐवजी दोन-चार बिया. त्या दोन-चार म्हणजे सोनं. शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर पराग ॲसिटोकार्मिन या लाल रंगाच्या थेंबात बघा. भरलेले कण लाल आणि गोल, रिकामे फिकट आणि चुरगळलेले. कोणत्या झाडावर वेळ घालवायचा हे पाच मिनिटांत कळतं.

बडोदेकर
बडोद्याहून. भेंडीचं चालू द्या, पण परसातल्या माणसाने हात बसवायला वांगं आणि टोमॅटो घ्यावेत. दोन्हींच्या जवळच्या रानटी भावंडांत गुणसूत्रं २४च, आणि संकर फळतो. टोमॅटोचा पिंपिनेलीफोलियम, म्हणजे मण्यांएवढी फळं घोसाने देणारा, दोन्ही दिशांनी धरतो. फक्त फळाच्या आकाराबाबत भाबडं राहू नये. शंभर ग्रॅमचा टोमॅटो आणि एक ग्रॅमचा मणी यांचं पहिलं अपत्य पन्नास ग्रॅमचं नसतं, साधारण दहाचं असतं. दोन वजनांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, त्याच्या आसपास. लहानपणा वरचढ ठरतो.

वांग्यात सोलॅनम इन्सॅनम सहज जुळतं, ते मूळ पूर्वजच. मात्र काटे, कडूपणा आणि बारीक फळ हे तिन्ही पाहुणे पहिल्याच पिढीत हजर. आणि वांग्यात आखूड कुक्षीची फुलं फळ धरत नाहीत. लांब कुक्षीचं फूल निवडा, जिची कुक्षी परागकोषांच्या सुळक्याबाहेर आलेली असते.

निमाडी_मिरची
भुईरिंगणी? ती तर फुकट, कुठेही.

बडोदेकर
फुकट आहे म्हणून जुळत नाही. फळ धरलं तरी बी पोचट. सोलॅनम टॉर्वमचं तर त्याहून कठीण. पण टॉर्वमचा उपयोग संकराशिवाय होतो: खुंट म्हणून, म्हणजे त्याच्या मुळांवर वांग्याचं कलम. मर रोग आणि मुळांवरच्या गाठींचे सूत्रकृमी दोन्ही तो सोसतो. त्याचं बी उशिरा उगवतं आणि रोप मंद वाढतं, म्हणून वांग्याच्या आधी दोन-तीन आठवडे पेरा. पाचर कलम, क्लिप, मग पाच-सात दिवस प्लॅस्टिकच्या झाकणाखाली सावलीत, दमट. लावताना सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. मातीत गेला की वांग्यालाच मुळं फुटतात आणि खुंट असून नसल्यासारखा.

रामबागकर
टोमॅटोतला सूत्रकृमीचा प्रतिकारही पेरूवियानम या रानटी जातीतून आलेला, १९४०च्या दशकात, गर्भ बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवून. पण तो मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ढिला पडतो. माळव्यातल्या एप्रिल-मेमध्ये पाकिटावरचा 'निमॅटोड प्रतिरोधक' शिक्का वाचताना हे लक्षात असू द्या. आच्छादन घाला, सावली करा.

सदाफुली
काकडीच्या वेलाशेजारी शेंदाडाचा वेल उगवला तर काकडी कडू होते, हे खरं का? इकडे सगळे तसंच सांगतात.

पराग_कण
दोनदा चूक. एक, काकडीत गुणसूत्रं १४, शेंदाडात २४. संकर धरतच नाही. दोन, धरला असता तरी या वर्षीच्या फळाची चव बापावर जात नाही. गर आईचा, नवं असतं ते बी. काकडी कडू होते ती स्वतःच्या जनुकामुळे आणि पाण्याचा ताण पडला की.

मात्र खरबुजाशेजारी शेंदाड असेल तर गोष्ट वेगळी. दोघं एकाच जातीतले, खुशाल जुळतात. त्या खरबुजाचं बी धरलंत तर पुढच्या वर्षी कडू फळं येऊ शकतात.

डोरली
आणि हे चवीपुरतं नाही. दुधी, काकडी, दोडका, खरबूज, घरच्या बियांपासून आलेलं काहीही असो, पहिलं फळ कापून जिभेला टेकवायचं. कडू लागलं तर थुंकायचं आणि वेल उपटायचा. मीठ लावून, पिळून खायचं नाही, रस तर मुळीच नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. बटाट्यातही धडा आहे: अमेरिकेत १९६७ साली 'लेनापे' नावाचा वाण आला, रानटी चाकोएन्से जातीचं रक्त असलेला, चिप्सला झकास. त्यात विषारी ग्लायकोअल्कलॉइड जास्त निघाले आणि १९७०ला मागे घ्यावा लागला. रानातून रोगप्रतिकार येतो तेव्हा तो एकटा येत नाही.

भियाजी
म्हणजे जावई आला तो करवलीसकट, मामासकट आणि मामाच्या भांडकुदळ कुत्र्यासकट.

कात्री
हो, आणि मामाला परत पाठवण्यालाच बॅकक्रॉस म्हणतात: संकराला पुन्हा पुन्हा भेंडीशीच जोडायचं.

माळवी_माती
मूळ प्रश्नाकडे. किती झाडं, किती वर्षं? वर्षातून भेंडीची दोन पिकं निघतात, उन्हाळी आणि पावसाळी, मग दोन पिढ्या धरू का?

कात्री
नका धरू. इथेच वेळापत्रक कोसळतं. रानभेंडी दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलते, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पहिली पिढीही बऱ्याचदा त्याच वळणाची. मार्चमध्ये पेरलीत तर पुरुषभर वाढेल, पाणी पिईल आणि फूल पावसाळा सरता देईल. म्हणून सुरुवातीला वर्षाला एकच पिढी.

पहिलं वर्ष: भेंडीला फूल साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. ती जुलैच्या मध्यापासून दर पंधरवड्याला थोडी पेरा, म्हणजे रानभेंडी फुलेल तेव्हा कोणती ना कोणती खेप कळीवर असेल. तीस-चाळीस फुलं करा. दुसरं वर्ष: पहिल्या पिढीची पाच-सहा झाडं पुरेत, पण त्यांच्या प्रत्येक फुलावर सावनीचा पराग. तिसऱ्या वर्षापासून रोग बघून निवड. गुण ठळक असेल तर बॅकक्रॉसमधल्या निम्म्या रोपांत तो असतो. निदान एका रोपात तो असेलच याची ९९ टक्के खात्री सात रोपांत मिळते. पण सातांतलं ते एक झाड वांझ निघालं तर? म्हणून चाळीस-पन्नास. गुण दबका, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा, असेल तर मध्ये एकेक पिढी स्वतःच्याच परागावर धरावी लागते आणि तेवढ्याच खात्रीला सोळा-सतरा रोपं लागतात. तेव्हा वर्षं दुप्पट.

रानाचा वाटा सरासरीने प्रत्येक बॅकक्रॉसला निम्मा: २५, १२.५, ६.२५ टक्के. तिसऱ्यानंतर शेंग भेंडीसारखी दिसायला लागते आणि उन्हाळ्यातही फूल येतं. तेव्हापासून वर्षाला दोन पिढ्या, पण निवड फक्त पावसाळी पिकात, कारण हळद्याचा खरा जोर तेव्हाच. एकूण सात-आठ वर्षं धरून चाला. शेवटी बी धरताना शेजारच्या भेंडीचा पराग नको, बियाणं प्रमाणित करताना २०० मीटर अंतर ठेवतात. राऊला तेवढी मोकळी जागा नसेल तर पिशव्या आहेतच.

रामबागकर
सात-आठ वर्षं. म्हणजे अर्का अनामिकाचं पाकीट आधी आणाच, तोवर भाजीला काय खाणार?

माळवी_माती
दोन्ही करतो. खालून काढलेले फोटो टाकले आहेत, तीन फुलांचे. आणि रानभेंडीचं मागच्या वर्षीचं बी उगवतच नाही, तीन आठवडे झाले.

डोरली
बी मेलेलं नाही, कवच टणक आहे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर चमक जाईपर्यंत घासा, ज्या टोकाला डाग आहे ते टोक सोडून, मग रात्रभर पाण्यात. फुगलेलं पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा.

फोटोंबद्दल: पहिल्या फुलात पट्ट्या चार, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात मला सहा दिसतात. टेट्राफायलस म्हणायला मन धजत नाही, मॅनिहॉटचा संशय येतो, आणि तसं असेल तर दुसऱ्या वर्षीच्या बियांचा हिशेब बराच खाली येईल. वेगवेगळ्या झाडांची निदान वीस फुलं मोजा, झाडाला नंबर देऊन, आणि आकडे इथेच टाका. पिशव्या त्यानंतर शिवा.

उगाच
वीस फुलं, खालून. चिखलात झोपून मोजायची का?

डोरली
आरसा धरा खाली. दाढीचा चालतो.